हिदात्सा पद्धत: सुकवलेला भोपळा वर्षभर कसा टिकायचा?

प्रश्न: अमेरिकेतल्या मिसूरी नदीकाठच्या हिदात्सा या आदिवासी जमातीच्या बायका भोपळा सुकवून ठेवत. फळ कोवळं की जून? आणि जमिनीत ठेवून कुजत कसं नसे?

उत्तर १: कोवळंच. फूल आल्यावर साधारण चार दिवसांचं फळ, म्हणून दर चौथ्या दिवशी तोडणी. बायसनच्या फऱ्याच्या हाडाच्या सुरीने जेमतेम १ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापायच्या, विलो झाडाच्या काठ्यांत ओवायच्या आणि उंच माचावर वाळवायच्या. चकत्या एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत, मध्ये वारा खेळायला हवा. पावसात ओल्या झाल्या की बुरशी आलीच, त्यामुळे ढग दिसताच माच कातड्यांनी झाकायचा. वाळल्या की गवताच्या दोरीत माळा.

उत्तर २: साठवणीची युक्ती मला फार आवडते. अरुंद तोंडाचं, आत रुंद पेव. आपल्याकडच्या ज्वारीच्या पेवासारखंच! आत वाळलेल्या गवताचं अस्तर, कडेने मक्याच्या कणसांच्या वेण्या, मधोमध भोपळ्याच्या माळा आणि भोवती सुटे मक्याचे दाणे. भोपळा ओल चटकन ओढतो, म्हणून तो भिंतीपासून लांब.

प्रश्नकर्ता: आणि खायचा कसा?

उत्तर १: घेवडा, भाजलेल्या मक्याचं पीठ आणि सूर्यफुलाच्या भाजलेल्या बियांचं कूट घालून शिजवायचा. दाटपणा त्या पिठाने आणि कुटाने येतो.