बागेतल्या तळ्याचा फिल्टर: रबरी रिंग दोनदा बदलूनही झाकणाखालून गळती

कुमुदिनी

आमच्या बागेतल्या तळ्यात सुमारे ४,००० लिटर पाणी आणि आठ गोल्डफिश आहेत. पाणी गाळण्यासाठी डब्यासारखा बंद, दाबावर चालणारा फिल्टर काठाशी अर्धा जमिनीत पुरलेला असून त्याच्या झाकणातच यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा आहे. गेल्या महिन्यापासून झाकण आणि डबा यांच्या सांध्यातून पाणी झिरपते. मी रबरी रिंग बदलली, तेव्हा आठ दिवस सर्व कोरडे राहिले आणि नवव्या दिवशी गळती पुन्हा सुरू झाली. रिंग सदोष असावी असे समजून दुसरी बसवली, तरी तोच प्रकार झाला. पंपाच्या खोक्यावर पाणी चढवण्याची कमाल उंची ३.५ मीटर लिहिली आहे, तर फिल्टरवर कमाल दाब ०.२ बार असा उल्लेख आहे. फिल्टरमधून निघालेले पाणी दगडी धबधब्यावरून तळ्यात परत पडते. झाकणाची कडा सिलिकॉनने कायमची बंद करून टाकावी, असा विचार मनात आहे. तो योग्य ठरेल का?

जुना पाना

सिलिकॉनचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. स्पंज धुण्यासाठी ते झाकण दर काही आठवड्यांनी उघडावेच लागते आणि वाळलेल्या सिलिकॉनचे थर खाचेत राहिले, तर पुढे कोणतीही रिंग नीट बसत नाही.

आधी पंपाचा व दिव्याचा प्लग काढून रिंगची खाच तपासावी. बोटाचे नख खाचेतून पूर्ण गोल फिरवले, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा वाळूचा कण किंवा शेवाळाचा केसासारखा तंतूही हाताला लागतो, आणि गळती व्हायला तेवढा तंतू पुरेसा असतो. रिंग बसवताना ती ताणू नये व तिला पीळ पडू देऊ नये. तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा; पेट्रोलियम जेली वापरू नये, कारण खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगते आणि सैल पडते. झाकणाचा पट्टा आवळताना एकाच बाजूने जोर न लावता, थोडा आवळून कडेवर सभोवार हलक्या थापा माराव्यात आणि मग पुन्हा आवळावा.

निवळशंख

वरील सूचना योग्यच आहेत, परंतु माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर ‘आठ दिवस’ या दोन शब्दांत दडलेले आहे. रिंग चुकीची बसली असती, तर पंप सुरू करताच किंवा फार तर तासाभरात पाणी दिसले असते. आठ दिवस सांधा कोरडा राहतो आणि नंतर गळतो, याचा अर्थ या काळात डब्यातला दाब हळूहळू वाढत जातो आणि रिंगच्या सोसण्याच्या पलीकडे पोहोचतो.

याचे कारण फिल्टरच्या रचनेत आहे. पाणी डब्यात शिरते, स्पंजमधून आरपार जाते आणि मगच बाहेर पडते. स्पंज गाळाने भरला की पुढची वाट अरुंद होते, मागून पंप मात्र ढकलतच राहतो. दहा मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे ढोबळमानाने एक बार दाब. त्या हिशेबाने तुमचा पंप पुढची वाट पूर्ण अडली असता ०.३५ बारपर्यंत जाऊ शकतो, आणि फिल्टर तर ०.२ बारसाठीच बनवलेला आहे. आकडे किरकोळ वाटतात, पण झाकणाचा व्यास ३० सेंटिमीटर धरला, तर ०.२ बारला त्याच्यावर सुमारे १४० किलो वजनाइतका जोर येतो आणि ०.३५ बारला तो २५० किलोच्या घरात जातो. रिंग बिचारी यात निर्दोष आहे.

म्हणून दोन गोष्टी कळवाव्यात. धबधब्याचा माथा फिल्टरच्या झाकणापासून किती उंच आहे? आणि फिल्टरमधून बाहेर जाणारा पाइप किती व्यासाचा आहे? त्या पाइपवर प्रवाह कमी करणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो काढून टाकावा. प्रवाह कमी करायचाच असेल तर तो पंप आणि फिल्टर यांच्या मधे करावा, फिल्टरच्या पुढे कधीही करू नये.

पाणकणीस

एक सावधगिरी सांगतो. गळणारे पाणी खरोखर कडेतूनच येते, की दिव्याच्या टोपणाखालून येऊन कडेशी साचते, हे कोरड्या कागदी रुमालाने जागोजागी टिपून पाहावे. दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झच्या नळीत आतून पाण्याचे थेंब दिसले, तर तिची छोटी रिंग गेली आहे किंवा नळीला चीर पडली आहे असे समजावे आणि दुरुस्तीपर्यंत वीजपुरवठा बंदच ठेवावा. तळ्याच्या विजेच्या जोडणीवर विजेची गळती ३० मिलिअँपिअरला पोहोचताच पुरवठा तोडणारा स्विच असायलाच हवा. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

स्पंज धुताना तळ्याचेच पाणी बादलीत घ्यावे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनमुळे माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू मरतात; गळती थांबते आणि मासे आजारी पडतात, असा उफराटा प्रकार मी स्वतः करून बसलो आहे.

कुमुदिनी

सर्वांची आभारी आहे. टिपून पाहिले असता दिव्याची बाजू पूर्ण कोरडी निघाली. धबधब्याचा माथा झाकणापासून १.२ मीटर उंच आहे. पाइपची गोष्ट सांगायला मात्र संकोच वाटतो. दोन महिन्यांपूर्वी धबधबा नव्याने रचताना, दगडांत लपवायला सोपा म्हणून आम्ही ४० मिलिमीटरच्या जागी २५ मिलिमीटरचा पाइप घातला होता.

निवळशंख

मग कोडे सुटले. १.२ मीटर उंचीमुळे ०.१२ बार दाब स्पंज स्वच्छ असतानाही कायम असतो, म्हणजे निम्म्याहून अधिक मर्यादा तिथेच संपली. त्यात तेवढेच पाणी ४० ऐवजी २५ मिलिमीटरच्या पाइपमधून ढकलायचे, तर घर्षणाने खर्ची पडणारा दाब साधारण दहापट होतो. प्रत्यक्षात प्रवाहच घटतो, म्हणून दाब तितका चढत नाही. तरीही गाळ साचायला उरलेली जागा फारच थोडी होती. फिल्टरच्या तोंडापासून धबधब्यापर्यंत सलग ४० मिलिमीटरचा पाइप घालावा, त्याला तीव्र वळणे देऊ नयेत आणि शक्य असल्यास धबधबा थोडा उतरवावा.

कुमुदिनी

पाइप बदलला, माथ्यावरचे दोन दगड काढून उंची ०.९ मीटरवर आणली आणि स्पंज तळ्याच्या पाण्यात पिळून घेतला. आज एकविसावा दिवस आहे आणि झाकणाची कडा कोरडी आहे. गाळ सोडण्याच्या तोटीतून मात्र अधूनमधून एखादा थेंब पडतो, तो पूर्वीच्या गळतीत लक्षात आला नव्हता.

जुना पाना

त्या तोटीच्या आट्यांना टेफ्लॉनची टेप गुंडाळलेली असल्यास ती काढून पाहावी. जिथे रबरी वॉशरच पाणी अडवतो, तिथे टेपमुळे तोटी शेवटपर्यंत बसत नाही आणि वॉशर दाबला जात नाही.