फॉग लॅम्प लावल्यापासून बॅटरी बसते

प्रश्न: टूरिंगची मोटरसायकल, वय 25 वर्षं. घरीच दोन फॉग लॅम्प बसवले. आता रात्रीचा लांब पल्ला झाला की सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. बॅटरी नवीन आहे. स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) गेला का?

उत्तर: एवढ्यात स्टेटरवर खापर नको. मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना 12.6 च्या आसपास, रेस दिल्यावर 14 च्या आसपास व्होल्ट हवेत. कमी भरले तर रेग्युलेटरचा (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) कनेक्टर उघडा. माझा वितळला होता. मी मात्र आधी स्टेटर काढून बसलो, गॅस्केट फाटलं ते वेगळंच!

दुसरं उत्तर: दिवे हॅलोजन का? 55 वॅटचे दोन म्हणजे जवळपास 9 अँपिअर. एलईडी लावा, रिलेसकट (दिव्यांचा करंट हँडलच्या स्विचमधून न जाऊ देणारा वेगळा स्विच).

प्रश्नकर्ता: रेसवर 13.1. कनेक्टर काळाठिक्कर. दिवे हॅलोजनच.