स्किड स्टिअरला सॉलिड, फोम की हवाच? राडारोडा आणि भंगाराच्या कामासाठी मतं हवीत

राडारोडा_ठेकेदार
माझं मत आधीच सांगतो. इमारती पाडण्याचं काम, भंगार यार्ड आणि कचरा डेपो या तीन ठिकाणी चालणाऱ्या बॉबकॅटच्या (स्किड स्टिअर, म्हणजे छोट्या चारचाकी लोडरच्या) टायरमध्ये हवेऐवजी फोम भरणं म्हणजे पैसे पाण्यात. थेट सॉलिड (आत हवा नसलेले, पूर्ण रबराचे) घ्या, बगलेत (टायरच्या बाजूच्या भिंतीत) आरपार भोकं असलेले.

कारण यंत्राच्या वळण्यात आहे. या यंत्राची चाकं वळत नाहीत. एका बाजूची चाकं पुढे, दुसरीकडची हळू किंवा उलटी फिरतात आणि चारही टायर आडवे घासत जातात. त्यामुळे काँक्रीटमधून वर आलेली सळई टायरच्या तळापेक्षा बगल जास्त फाडते. फोम फक्त हवा जाण्याचा प्रश्न सोडवतो. बाहेरचं कव्हर तेच 10 प्लायचं (प्लाय म्हणजे कव्हरच्या मजबुतीचा आकडा) राहतं. बगलेला चीर पडली की फोम त्यातून फुगून बाहेर येतो, फिरताना कुरतडला जातो आणि चीर वाढत जाते. मग कव्हरही गेलं आणि आतला महागडा फोमही गेला. सॉलिडला पाच सेंटीमीटरचा काप गेला तरी तो फक्त काप असतो.

चेनकेस
असहमत. तुम्ही टायरचा विचार केलात, यंत्राचा नाही.

10-16.5 मापाचा (सुमारे 10 इंच रुंद, 16.5 इंची रिमचा) हवेचा टायर 30 किलोच्या आसपास असतो. त्याच मापाचा सॉलिड साधारण तिप्पट. पण वजनापेक्षा धक्का वाईट. हवा दाबली जाते, म्हणून दगडावर चाक चढलं की धक्का टायर खातो. सॉलिडमध्ये तोच धक्का डिस्क (चाकाची हबला नटांनी लागणारी तबकडी), एक्सल, बेअरिंग आणि चेनपर्यंत जातो. एका बाजूची दोन्ही चाकं चेनकेसमधल्या (बंद पेटीतल्या) साखळ्यांनी एकाच मोटरला जोडलेली असतात, हे बरेच जण विसरतात. खडबडीत जागेवर सॉलिड लावून रोज आठ तास चालवलं तर एक्सलचे सील आणि चेनचा ताण यांच्या तपासणीचा काळ अर्धा करावा लागतो. ऑपरेटरच्या कंबरेचं बोलायलाच नको, आणि कंबर दुखणारा माणूस यंत्र नीट चालवत नाही.

भोकांचा सॉलिड बरा, हे मान्य. भोकं दबतात म्हणून थोडा स्प्रिंगसारखा चालतो. पण हवेची बरोबरी होत नाही.

हवाच_बरी
दोघांनीही तिसरा पर्याय सोडून दिला. बॉबकॅट रोज भंगारातच चालत नाही. भाड्याचं यंत्र आज सळईवर, उद्या सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर, परवा शेतात. तिथे जाड प्लायचा हवेचा टायर, आत सीलंट आणि रिमचा काठ झाकणारी रबरी कड असलेला नमुना पुरेसा आहे. वाळूज-भिवंडीकडच्या गोदामांतली निम्मी पंक्चर खिळ्यांची असतात आणि तळात साधारण 6 मिलिमीटरपर्यंतचं भोक सीलंट बुजवतो. बगलेतलं मात्र नाही, तिथे अपेक्षा ठेवू नका.

टायर फाटण्याचं खरं कारण बहुतेक वेळा कमी हवा असतं. 10 प्लायच्या 10-16.5 ला पूर्ण भारासाठी 75 पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) हवा लागते. आपल्याकडे अंदाजाने 40 वर ठेवतात. मग बगल बाहेर फुगते, सळई नेमकी तिथेच लागते, आणि जोरात वळताना टायर रिमवरून उतरतो. 16.5 चा रिम ट्यूबलेस असतो, टायर बसायची जागा 15 अंशांच्या उताराची. कमी हवेत त्याची पकड लगेच सुटते. आठवड्याला गेज लावा. टायरवर छापलेला कमाल आकडा आणि यंत्राच्या मॅन्युअलमधला आकडा दोन्ही बघा.

राडारोडा_ठेकेदार
@हवाच_बरी भाड्याच्या यंत्राबद्दल मान्य. धागा यार्डात कायम राहणाऱ्या यंत्रापुरता आहे. तिथे गेज कितीही लावा, साडेचार फुटांच्या खांबातून निघालेल्या 16 एमएमच्या सळईला 75 पीएसआय काही अडवत नाही.

@चेनकेस धक्क्याचा मुद्दा मी खोटा म्हणत नाही. पण पाडकामाच्या जागी लोडर सरासरी किती वेगाने चालतो? ढिगापासून डंपरपर्यंत वीस मीटर, चालीच्या वेगाने. धक्का वेगाबरोबर वाढतो.

फोमवाला
फोमवर टीका करणाऱ्यांनी आधी भरणी कशी झाली ते विचारावं. फोम म्हणजे दोन द्रव पॉलियुरेथेन एका वेळी मिसळून व्हॉल्व्हमधून पंपाने भरतात. टायरच्या सगळ्यात वरच्या भागात बारीक भोक ठेवून तिथून हवा बाहेर काढतात. तिथून फोम आला की भोक बंद करून ठरलेल्या पीएसआयपर्यंत पंप चालू ठेवावा लागतो. शेवटचा हा टप्पा कामगार चुकवतात. मग आत पोकळ्या राहतात, फोम सैल बसतो, घासून तापतो आणि टायर रिमवर सरकतो.

भरल्यावर गरम हवेत किमान एक दिवस, थंडीत दोन-तीन दिवस चाकावर भार टाकायचा नाही. ठेकेदार संध्याकाळी भरून सकाळी कामाला लावतो आणि मग फोमला नावं ठेवतो.

दुसरी गोष्ट कडकपणाची. फोम मऊ, मध्यम आणि कडक मिळतो. मऊ मागा. चेनकेस म्हणतात तो धक्का त्याने बराच कमी होतो. आणि भरायचं ते नव्या कव्हरमध्ये. अर्धा झिजलेल्या टायरमध्ये फोम भरला तर कव्हर संपल्यावर सगळं कापून फेकावं लागतं. फोम भरलेला टायर मशीनवर काढता येत नाही, आरीने कापावा लागतो, आणि रिम वाचवण्यासाठी सावकाश.

बगल फाटण्याचं मान्य आहे. म्हणून माझा सल्ला असा: काच, खिळे, तारा, बाभळीचे काटे असतील तर फोम. उभ्या सळया आणि पत्र्याच्या कडा असतील तर सॉलिड. कोकणातल्या जांभ्याच्या खाणीतही सॉलिड, कारण तुटलेल्या चिऱ्याची कड करवतीसारखी लागते.

चेनकेस
@फोमवाला वजन सांगायचं राहिलं. 10-16.5 मध्ये फोमच साधारण 60 ते 70 किलो जातो, 12-16.5 मध्ये 100 च्या आसपास. म्हणजे एक्सलचा आणि ब्रेकचा प्रश्न इथेही आहेच. आणि डिस्कसकट चाक एका माणसाने उचलायचं नाही. ट्रॉली जॅक आणि दोन माणसं.

काही जण म्हणतात, वजन वाढलं तर यंत्र आणखी भार उचलेल. असं मुळीच नाही. बकेटची रेटिंग (किती भार उचलायचा तो आकडा) म्हणजे यंत्र उलटण्याच्या भाराच्या निम्मं, आणि तो आकडा कंपनीने ठरवलेल्या यंत्रासाठी असतो. टायर जड केला म्हणून तो बदलायचा नाही.

शिरोली_फाउंड्री
आमच्याकडे प्रश्न वेगळाच आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत जमिनीवर गरम वाळू, धातूचे थेंब आणि स्लॅग (वितळलेल्या धातूवरचा मळ) पडलेलं असतं. इथे फोम नकोच, उष्णतेने खराब होतो आणि आतून कळत नाही. पण सॉलिडलाही मर्यादा आहे. रबर घासलं-दबलं की आतून तापतं आणि जाड रबरातून उष्णता बाहेर निघत नाही. थंड जमिनीवरही लांब पल्ला सतत चालवला तर पोट मऊ होऊन तुकडे पडतात. दोन वेगांचं यंत्र वरच्या वेगात एका युनिटमधून दुसऱ्यात पळवत नेणारे ऑपरेटर सॉलिड टायर त्याच्या तळाचे काटे झिजण्याआधीच संपवतात. लांब न्यायचं असेल तर ट्रेलरवर चढवा.

स्पोकवाला
कोणी बिनहवेच्या चाकाचं नाव काढलं नाही, म्हणून लिहितो. मिशलिनने 2005 मध्ये ट्वील दाखवलं. टायर आणि चाक एकच, मधे लवचिक प्लॅस्टिकचे आरे. लोडरसाठी 12N16.5 मापाचं मिळतं आणि जुन्या आठ नटांच्या हबवर बसतं. आरे दबतात म्हणून धक्का सॉलिडपेक्षा कमी, आणि पंक्चर व्हायला काही नाहीच.

पण आपल्या मातीत अडचण आहे. काळ्या मातीचा चिखल आऱ्यांत भरतो, वाळला की दगड. मग दबायचं बंद. रोज पाणी मारून धुवायची तयारी असेल तरच विचार करा. सळईचा तुकडा आऱ्यांत अडकला तर यंत्र थांबवून लगेच काढावा लागतो. सपाट, कोरड्या सिमेंटच्या यार्डात मात्र मला तोच उत्तम वाटतो.

हवाच_बरी
किंमत कोण बोलणार? सॉलिडचा सेट हवेच्या दुप्पट-तिप्पट.

राडारोडा_ठेकेदार
किंमत सेटवर नाही, तासावर काढायची. टायरची किंमत अधिक सगळ्या पंक्चरांचा खर्च अधिक यंत्र बंद राहिलेल्या तासांचं भाडं, आणि हे सगळं टायर किती तास चालला त्याने भागायचं. बंद तासात फक्त यंत्र मोजू नका, बाहेर उभे राहिलेले डंपरही मोजा. आठवड्याला एक पंक्चर असेल तर सॉलिड स्वस्त पडतो. दोन महिन्यांतून एक असेल तर @हवाच_बरी जिंकतात, ते मी मान्य करतो.

चेनकेस
काहीही घ्या, दोन गोष्टी चुकवू नका.

एक, एका बाजूला दोन वेगळ्या उंचीचे टायर नकोत. पुढे नवा सॉलिड आणि मागे झिजलेला हवेचा लावला तर दोघांचा घेर वेगळा, पण चेन दोघांना एकाच फेऱ्यात फिरवते. मग एक टायर सतत घसटत राहतो आणि त्याचा ताण चेन आणि स्प्रॉकेटवर येतो. एक टायर बदलायचा तर त्या बाजूची जोडीच बदला. रिकाम्या यंत्राचं सुमारे 70 टक्के वजन मागे असतं, भरलेल्या बकेटने ते पुढे येतं, म्हणून टायर सारखे झिजत नाहीत. बाजू न बदलता पुढचे मागे आणि मागचे पुढे, वेळेवर.

दोन, नट. जड चाक लावल्यावर नट हवेच्या गनने ठोकून सोडू नका. मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा. आठ-दहा तास चालवून पुन्हा तपासा, कारण डिस्क हबवर बसते आणि नट सैल होतात. डिस्कवरचा रंग नटाखाली राहिला असेल तर आधी खरवडून काढा. बरेच नट त्याच कारणाने सुटतात आणि स्टड तुटले की दोष टायरच्या वजनाला दिला जातो.