मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय, पॅसिफिका ०१२ घेऊ का हार्डटेल सोनिक?

दोन वर्षं झाली अकुस्टिक गिटार वाजवायलोय, आता इलेक्ट्रिक घ्यायचीय. बजेट २५ हजार, त्यातच छोटा अँप पण बसवायचाय. ब्लूज अन् थोडं रॉक, तेबी रात्री हेडफोन लावून.

परभणीत हातात घेऊन बघायला मिळेना म्हणून रविवारी संभाजीनगरला जाऊन आलो. यामाहाची पॅसिफिका ०१२ वाजवली, नेक एकदम हातात बसली, ब्रिजला (तारा अडकवायच्या पट्टीपाशी) हंबकर, म्हणजे गुणगुण दाबणारा दुहेरी पिकअप आहे तेबी आवडलं, पण ट्रेमोलो (ब्रिज हलवून सूर खालीवर करायचा दांडा) दोनदा दाबला की बारीक ई तार उतरली. दुकानदार म्हणला नवीन तारा हायेत, ताणल्या की थांबतंय. खरं तर मला ट्रेमोलो लागतच नाही, म्हणून स्क्वायरची हार्डटेल (ब्रिज न हलणारी) सोनिक डोक्यात आहे, पण तिला तिन्ही पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे गुणगुण पकडणारे, अन् आमच्या घरचं अर्थिंग म्हणजे देवाच्या भरवशावर, नुसती गुणगुणत बसायची. सेकंडहँड सुचवू नका, एक बघितली, फ्रेट पार झिजलेले. सेटअप करून देणारं इथं कोणी नाही, अ‍ॅलन की घेऊन मलाच बसायचंय.

तर ज्यांनी वापरलीय त्यांनी सांगा, पॅसिफिकाच्या मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज बॉडीला टेकवून ठेवला तर बेंड मारूनबी (तार बोटानं ओढूनबी) ट्यूनिंग टिकतं का?