विषय: दहा वर्षे उलटली, नोंदणी सुटली का? (कॅलिफोर्निया)

सप्रेम नमस्कार,

नाव न देता लिहीत आहे, क्षमस्व. माझ्या धाकट्या भावाने 2011 साली कॅलिफोर्नियात एका सज्ञान स्त्रीच्या विनयभंगाचा मिस्डिमीनर (कमी गंभीर श्रेणीचा) गुन्हा कबूल केला. त्याने केले ते वाईटच होते आणि घरात कोणी ते झाकत नाही. प्रोबेशन (देखरेखीची मुदत) संपल्यावर वकिलांनी राज्याच्या दंडसंहितेच्या 1203.4 कलमाखाली खटला डिसमिस करून घेतला आणि आता सगळे मिटले, असे सांगितले. तरी तो दर वाढदिवसाला पोलिसांकडे लैंगिक गुन्हेगारांच्या यादीतील नोंदणीला जातो. पुढच्या महिन्यात पुन्हा वाढदिवस आहे. आता जायलाच हवे का? शिवाय तो इथला नागरिक आहे आणि सांगलीहून आईला ग्रीन कार्डवर आणू इच्छितो. त्यात अडचण येईल का?

एक सभासद

---

ताई, नमस्कार.

आधी सर्वांत महत्त्वाचे: त्याला या वाढदिवशीही जाऊ द्या. वाढदिवसाच्या पाच कामकाजाच्या दिवसांच्या आत नोंदणी न करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात दोषी ठरल्यास नोंदणीची मुदतही वाढते. 1203.4 कलमाने खटला डिसमिस झाला, तरी नोंदणीचे बंधन त्याने सुटत नाही. त्या वकिलांनी हे तुम्हाला स्पष्ट सांगायला हवे होते.

कॅलिफोर्नियात 1947 पासून ही नोंदणी जन्मभराची असे. 2017 साली मंजूर झालेल्या एसबी 384 या कायद्याने 1 जानेवारी 2021 पासून तीन टियर (श्रेणी) आले: पहिल्यात किमान 10 वर्षे, दुसऱ्यात 20, तिसऱ्यात सर्वसाधारणपणे आजन्म. तुम्ही सांगता तो गुन्हा बहुधा पहिल्या टियरमध्ये बसेल, पण राज्याच्या न्याय खात्याकडून आलेले टियरचे पत्र पाहून खात्री करा. मात्र किमान मुदत संपली म्हणून नाव आपोआप निघत नाही. मुदत संपल्यानंतरच्या वाढदिवशी किंवा त्यानंतर राहत्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सुपिरियर कोर्टात पिटिशन करावे लागते आणि त्याची प्रत पोलिसांना व डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नींना (काउंटीच्या सरकारी वकिलांना) बजवावी लागते. शिक्षा दुसऱ्या काउंटीत झाली असेल, तर तिथल्या दोघांनाही प्रत बजवावी लागते. पोलीस 60 दिवसांत मुदतीबाबत अहवाल देतात. त्यानंतर डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नींना सुनावणी मागता येते, आणि तिथे गुन्ह्याचे स्वरूप, त्या स्त्रीशी असलेली ओळख, नंतरची वागणूक, घेतलेले उपचार हे सारे तपासले जाते. असे तपासले जाणे मला योग्यच वाटते.

मी वकील नाही, पण पुतण्याच्या पिटिशनच्या वेळी त्याच्यासोबत होतो. अर्जाला चालू नोंदणीचा पुरावा जोडावा लागतो. पुतण्याने अंगठ्याचा ठसा दिल्यावर मिळालेली प्रत्येक पावती एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात जपली होती. अर्ज भरताना ताजी पावती शोधावी लागली नाही आणि जुन्या पावत्यांवरून एकही वर्ष चुकले नसल्याचे वकिलांनाही लगेच दिसले. भावाला या वर्षीची पावती मागून घ्यायला सांगा. काही काउंट्यांत सरकारी बचाव वकिलांचे कार्यालय या अर्जांना मदत करते. तिथे आधी विचारा.

आईच्या ग्रीन कार्डाबाबत: 2006 च्या अ‍ॅडम वॉल्श कायद्याने नातेवाइकांसाठी अर्ज करण्यावर घातलेली बंदी अल्पवयीन व्यक्तीविरुद्धच्या ठरावीक गुन्ह्यांपुरती आहे. पासपोर्टवरची विशेष नोंदही तशाच गुन्ह्यांपुरती असते. तरी अर्जापूर्वी इमिग्रेशन वकिलांना मूळ आरोपपत्र व निकालपत्र दाखवा, कारण त्या स्त्रीचे वय कागदावर काय आहे, यावर सगळे ठरते. नोंदणी सुरू असताना तो भारतात जाणार असेल, तर अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार किमान 21 दिवस आधी नोंदणी कार्यालयाला कळवावे.

---

काका, मनापासून आभार. त्याला मंडळाच्या मराठी शाळेतही शिकवायचे आहे.

---

ताई, मुलांची जबाबदारी एकट्याकडे असेल, अशा नोकरीसाठी किंवा स्वयंसेवेसाठी पुढे येताना नोंदणीची माहिती देणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. पालकांचा विश्वास मंडळाने जपलाच पाहिजे, म्हणून कोर्टाचा आदेश हाती येईपर्यंत त्याने वर्गात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गणेशोत्सवात मांडव आणि ध्वनियंत्रणेला माणसे कमी पडतात. तिथे मी त्याच्याबरोबर उभा राहीन.