कामाख्या, माजुली, शिवसागर: आईला घेऊन जायचंय, काय ठेवू आणि काय सोडू?

जाई_सातारा
नमस्कार. जानेवारीत आईला (वय ६८) घेऊन आसामला जायचं ठरतंय. येण्याजाण्याचे दिवस वगळून हातात सहा दिवस उरतात. आईला गुवाहाटीच्या कामाख्या देवीची ओढ आहे; बाबा होते तेव्हा दोनदा ठरून राहून गेलं. एका सहलवाल्याने गुवाहाटी, काझीरंगा, शिलाँग, तवांग असा बेत दिलाय, पण मला धास्ती वाटते. आईचे गुडघे दुखतात. तरी माउलींची पालखी आली की लोणंद ते तरडगाव ती दरवर्षी चालते. काय ठेवावं?

वसुधा_जव्हार
जाईताई, आधी तवांग काढून टाका. गुवाहाटीहून तिथे पोचायलाच दोन दिवस लागतात, आणि जानेवारीतली ती थंडी या वयाला नको. शिलाँग पुढच्या खेपेला. तुमची आई दिंडीत चालते हे वाचलं आणि वाटलं, यांना ब्रह्मपुत्रेतलं माजुली बेट दाखवायलाच हवं. तेही दोन रात्री राहून.

मी २०२३च्या जानेवारीत सासूबाईंना घेऊन गेले होते. कामाख्येला पहाटेच रांगेत उभ्या राहिलो. गाभाऱ्यात मूर्ती नाही. अंधाऱ्या, ओल्या पायऱ्या उतरून खाली गेलं की दिव्याच्या उजेडात एक शिळा आणि तिच्यावरून झिरपणारं झऱ्याचं पाणी. सासूबाईंनी पाण्याला हात लावला आणि वर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. आजचं देऊळ १५६५ साली कोच राजा नरनारायणाने उभारलेलं. आईचा हात घट्ट धरा, पायऱ्या निसरड्या आहेत.

मग रेल्वेने जोरहाट, तिथून निमाती घाट आणि बोटीने माजुली. हिवाळ्यात ब्रह्मपुत्रेचं पाणी उतरलेलं असतं, त्यामुळे बोटीपर्यंत वाळूतून थोडं चालावं लागतं. तिथल्या सत्रांत, म्हणजे मठांत, संध्याकाळी नामप्रसंग, म्हणजे सामूहिक नामकीर्तन, असतो. नामघर, म्हणजे प्रार्थनेचं दालन, लांबलचक, खांबांच्या दोन रांगा, पांढऱ्या धोतरातले भकत (सत्रातले भक्त) जमिनीवर बसलेले. कितीतरी नामघरांत मूर्तीच्या जागी आसनावर पोथी असते. खोल नावाचा मृदंग वाजू लागला, नाम सुरू झालं, आणि असमिया भाषेचं अक्षर न कळणाऱ्या सासूबाई टाळ्यांचा ठेका धरून बसल्या. ही परंपरा आसामचे वैष्णव संत शंकरदेव यांची (१४४९–१५६८). त्यांच्या उतारवयात आपल्याकडे एकनाथ होते. दोघांनी भागवत लोकभाषेत आणलं, दोघांनी रुक्मिणीची कथा लिहिली! तिकडे अरुणाचलात भीष्मकनगर हे रुक्मिणीचं माहेर मानतात, आपण कौंडण्यपूर. आईला हे आधी सांगून ठेवा.

सामागुरी सत्रात मुखवटे करतात: बांबूचा सांगाडा, त्यावर मातीत भिजवलेलं कापड, मग शेण-मातीचा लेप. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे मुखवटे असतात, ते बघत मी वाढले. इथे रावणाच्या मुखवट्यासमोर मी तासभर उभी होते. हे बेट नदी कुरतडते आहे, शंभर वर्षांत ते जवळपास निम्मं झालंय. म्हणून म्हणते, आत्ताच जा.

वेळ उरला तर शिवसागर. आसामच्या आहोम राजघराण्यातल्या अंबिकाराणीने १७३४मध्ये बांधलेलं शिवदोल हे शिवमंदिर, रंगघर हे राजांचं खेळ बघायचं प्रेक्षागृह, आणि चराइदेवची मैदाम, म्हणजे राजांच्या समाधीचे मातीचे ढिगारे. २०२४मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवलं.

लोहितकाठ
गुवाहाटीत नऊ वर्षं राहतोय, तीन गोष्टी सांगतो. जानेवारीत पाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणून पहाटे निघा आणि चारला परतायला लागा. माजुलीची शेवटची बोट दुपारीच सुटते, धुकं असेल तर सकाळची उशिरा निघते; परतीचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. गुवाहाटीजवळ नदीतल्या उमानंद बेटावर देऊळ आहे, पण तिथल्या पायऱ्या उभ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर कचारी घाटावरून उत्तर गुवाहाटीला जाणाऱ्या रोपवेत बसा. बेट आणि देऊळ खाली दिसतं, नमस्कार तिथूनच होतो.

जाई_सातारा
तवांग रद्द! वसुधाताई, दोन प्रश्न. कामाख्येला बळी देतात म्हणे, आई माळकरी आहे, त्रास होईल का? आणि ती विचारतेय, माजुलीला तिचे टाळ नेऊ का?

वसुधा_जव्हार
देतात, आवारातच. बोकड बांधलेले दिसतात. आदल्या दिवशी आईला स्पष्ट सांगा आणि त्या बाजूला न नेता थेट रांगेत उभं करा. माझ्या सासूबाईही माळकरी; त्यांनी नजर खाली ठेवली आणि नाम घेत राहिल्या. माजुलीत जेवण सांगताना मासे नकोत हे ठासून सांगा. भात, डाळ, मोहरीच्या तेलात कालवलेलं आलू पितिका मिळेल.

टाळ जरूर न्या. त्यांचे भोरताल जेवणाच्या ताटाएवढे असतात, आपले छोटे टाळ त्यांनाही बघायला आवडतील. वाजवण्याआधी मात्र भकतांना विचारा.