निकालाच्या दिवशी सकाळी आठ-पाचला दिसणारी 'आघाडी' येते कुठून?

पट्टीवाचक
मतमोजणीच्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटं झाली नाहीत तोच वाहिन्यांच्या पट्टीवर 'अमुक ३२, तमुक २७' पळायला लागतं. माझ्या मते साडेनऊपर्यंतचे हे आकडे करमणूक आहेत, बातमी नव्हे. तोवर टीव्ही बंद ठेवावा, नंतर निवडणूक आयोगाची साइट बघावी. ज्या आकड्याशेजारी फेरीचा क्रमांक नाही तो बघूच नये.

आठला आत काय चाललेलं असतं? टपाली मतं. आधी १३ सी हा बाहेरचा लिफाफा उघडायचा. त्यातलं १३ ए प्रतिज्ञापत्र बघायचं: सही आहे का, साक्षांकन आहे का, मतपत्रिकेचा क्रमांक जुळतो का. हे सगळं बरोबर असेल तरच १३ बीचं आतलं पाकीट फोडायचं. सैनिकांच्या मतांचे क्यूआर कोड स्कॅन करायचे ते वेगळंच. यंत्रांची मोजणी सुरू होते साडेआठला. मग आठ-पाचला ३२ जागांवरची आघाडी कोणी मोजली? स्टुडिओतल्या ग्राफिक्सवाल्याने?

उगाचच
आठ-पाचला जल्लोष, साडेदहाला आत्मचिंतन, बारा वाजता ईव्हीएम. वेळापत्रक ठरलेलं आहे, तुम्ही का मोडताय? दोन्ही पक्ष कार्यालयांकडून आगाऊ रक्कम घेतलेला लाडूवाला, खरा जनादेश त्यालाच.

स्टुडिओबाहेर
आठ-पाचच्या आकड्यांचा बचाव मी करणार नाही. पण तुम्ही त्या नादात अख्खं वार्तांकन मोडीत काढताय. प्रत्येक फेरीचा तक्ता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या सहीने पक्का होतो, मग आकडे माईकवर वाचले जातात, फळ्यावर लिहिले जातात. मोजणीच्या हॉलमध्ये उमेदवारांच्या प्रतिनिधींना मोबाइल नेता येत नाही, म्हणून ते कागदावर टिपतात आणि तो कागद बाहेर उभ्या स्ट्रिंगरपर्यंत, म्हणजे वाहिनीच्या स्थानिक बातमीदारापर्यंत, पोचतो. आयोगाच्या साइटसाठी तोच आकडा आयोगाच्या संगणक प्रणालीत (२०२४ला ती 'एन्कोर' होती) कोणीतरी हाताने भरतो. म्हणजे उगम एकच, वाटा दोन. वाहिनी एखाद-दुसरी फेरी पुढे असली तर त्यात गैर काय?

शिवाय शेवटची फेरी संपली तरी साइटवर बराच वेळ 'आघाडी'च दिसते. कारण दर विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी काढून निवडलेल्या ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (यंत्रावरच्या मताची छापील नोंद) मोजायच्या असतात (सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१९चा आदेश), आणि त्याही एकामागून एक. उमेदवार ४० हजारांनी पुढे आणि यंत्रं संपलेली असताना 'विजयी' म्हणायला वाहिनीने संध्याकाळची वाट बघायची का?

पट्टीवाचक
४० हजारांवर कोणाचं भांडण आहे? भांडण सकाळचं आहे. हरियाणा, ८ ऑक्टोबर २०२४. सकाळी बहुतेक पडद्यांवर काँग्रेस जोरात, थोड्या वेळात चित्र पालटलं. मग काँग्रेसने तक्रार केली ती मात्र आयोगाच्या साइटची, की आकडे हळू चढवताय. आयोगाने ती फेटाळली. शेवटी ९० पैकी भाजप ४८, काँग्रेस ३७. मतांची टक्केवारी ३९.९४ आणि ३९.०९. इतक्या अटीतटीच्या लढतीत पहिल्या तासातले कल रंगवून दाखवले की पुढे जो संशय उठतो, त्याचं बिल कोण भरणार?

सतरा सी
दोघंही फेऱ्यांबद्दल बोलताय, पण फेरी बनते कशी ते कोणी सांगत नाही.

हॉलमध्ये एका विधानसभा मतदारसंघासाठी साधारणपणे १४ टेबलं. केंद्र क्रमांक १ ते १४ ही पहिली फेरी, १५ ते २८ दुसरी. केंद्रांचे क्रमांक भूगोलाच्या क्रमाने असल्यामुळे पहिल्या चार-पाच फेऱ्या मतदारसंघाच्या एकाच टोकाच्या निघतात. ते टोक ज्याचं, त्याची आघाडी. यात लाट नाही आणि गडबडही नाही.

आता हिशोब. २०२४च्या विधानसभेला महाराष्ट्रात १,००,१८६ मतदान केंद्रं होती. भागिले २८८, म्हणजे जागेमागे सुमारे ३४८. भागिले १४, म्हणजे जवळपास २५ फेऱ्या. केंद्रामागे सरासरी ९६० मतदार आणि मतदान ६६ टक्के धरलं तर एका फेरीत ८,८०० च्या आसपास मतं. सातव्या फेरीला कोणी ३,००० ने पुढे असेल तर मागे १८ फेऱ्या, दीड लाखाहून जास्त मतं शिल्लक. त्या आघाडीवर पैज लावणाऱ्याला माझा नमस्कार. तेच २१व्या फेरीला १५,००० असतील तर उरलेल्या ३५ हजारांत समोरच्याला ७० टक्क्यांहून जास्त मतं लागतील. तेव्हाही आधी बघायचं की उरलेली केंद्रं कोणत्या गावांतली आहेत.

एखाद्या कंट्रोल युनिटची (यंत्राचा मतं साठवणारा भाग) एकूण मतं १७ सी फॉर्मशी, म्हणजे केंद्रावर नोंदवलेल्या मतांच्या हिशोबाशी, जुळली नाहीत, डिस्प्ले चालला नाही किंवा मॉक पोलची (मतदानाआधीच्या चाचणीची) मतं पुसायची राहून गेली, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. फेरी मात्र पुढे जाते. २५/२५ दिसूनही निकाल अडकलाय, यामागे बऱ्याचदा हे असतं. लगेच 'काहीतरी शिजतंय' अशी पोस्ट टाकायची गरज नाही.

स्टुडिओबाहेर
सतरा सी, हे सगळं मान्य. पण साइटवर केंद्रं सुटी दिसत नाहीत, बेरीजच येते. केंद्रनिहाय आकडे असतात फॉर्म २० मध्ये, आणि तो त्या दिवशी बघणाऱ्याच्या हाती नसतो. उरलेली केंद्रं कोणती हे त्या दिवशी कोण सांगतं? तालुक्याचा वार्ताहर. 'पुढच्या फेऱ्या नदीपलीकडच्या आहेत' हे त्यालाच माहीत असतं. तुमच्या आवडत्या साइटला नदी ठाऊक नाही.

पट्टीवाचक
मग तसं सांगा ना! पट्टीवर 'फेरी ७/२५, शहरी भाग संपला' एवढं लिहायला जागा नसते, आणि पाहुण्यांच्या आठ चौकटींना असते.

उगाचच
सात चौकटी. आठवीत 'आवाज येतोय का' चालू असतं.

सतरा सी
लोकसभेला तर हे आणखी किचकट. आपल्याकडे एका जागेत सहा विधानसभा क्षेत्रं, सहा ठिकाणची बेरीज, कुठे १८वी फेरी चालू तर कुठे ११वी. मुंबई उत्तर पश्चिम, ४ जून २०२४ आठवा. यंत्रांच्या मतांत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. एका मताचा फरक! टपालीत कीर्तिकर १,५०१, वायकर १,५५०. निकाल वायकर ४८ मतांनी. बाद ठरलेली टपाली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त असली तर ती सगळी पुन्हा तपासणं बंधनकारक असतं. इथे बाद होती १११. ज्यांनी फक्त यंत्रांची बेरीज बघून टीव्ही बंद केला ते उलटा निकाल घेऊन झोपले असतील.

याच जागेवरून नंतर एका दैनिकात 'ईव्हीएम उघडायला मोबाइलवर ओटीपी' अशी बातमी आली. यंत्राला ओटीपी लागतच नाही, ते कशालाही जोडलेलं नसतं. ओटीपी होता एन्कोरमध्ये आकडे भरायच्या लॉगिनचा. उमेदवाराच्या नातेवाइकाच्या हातात तो फोन गेला कसा, हा प्रश्न खरा होता. मथळ्याने तोच मारून टाकला. दैनिकाने नंतर चूक मान्य केली, पण तोवर ओटीपी गावोगाव पोचला होता.

प्रभाग ड
तुम्ही सगळे विधानसभा-लोकसभेतच अडकलाय. महापालिका आणि जिल्हा परिषद निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे व्हीव्हीपॅट नाही, आणि केंद्रीय आयोगाच्या निकालांच्या साइटवर हे निकाल येत नाहीत. चार सदस्यांच्या प्रभागात एकच मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांना मत देतो. अ मध्ये पक्ष पुढे, ड मध्ये बंडखोर, असं सर्रास होतं. तिथे पट्टीवाचकांचा 'फेरी बघा, साइट बघा' हा मंत्र चालणार कसा? तिथे स्थानिक वाहिनी आणि वार्ताहराचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हाच काय तो आधार.

पट्टीवाचक
प्रभागात वार्ताहराला पर्याय नाही, बरोबर. पण तिथेही त्याने 'प्रभाग १२, ड जागा, दुसरी फेरी' असं सांगावं. 'प्रभाग १२ आमच्या ताब्यात' ही बातमी नाही, घोषणा आहे. आणि पॅनलमधले चारपैकी दोनच निवडून आले की तीच वाहिनी 'धक्कादायक' म्हणते.

स्टुडिओबाहेर
फेरीचा क्रमांक पट्टीवर असावा, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर. साडेनऊपर्यंत टीव्ही बंद, यावर अजिबात नाही. टपाली मोजणी लांबली तर लोकांना कोण सांगणार? २०२५मध्ये आयोगाने ठरवलंय की टपाली मोजणी संपल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. म्हणजे आता दुपारीही एखादी जागा २३व्या फेरीला थांबलेली दिसेल. तेव्हा साइट उघडून बसलेला माणूस नुसता रिफ्रेश करत राहील, आणि का थांबलंय ते कॅमेऱ्यासमोर उभा असलेला वार्ताहर सांगेल.

उगाचच
किंवा कॅमेऱ्यासमोरचा वार्ताहरही मोबाइलवर तीच साइट रिफ्रेश करत असेल.